डाव्या बाजूची वायर : शिरेतून की पडद्यातून?

गेल्या महिन्यात डहाणूकर कॉलनीतले एक काका-काकू फाइल घेऊन माझ्या दवाखान्यात आले. काकांचं पंपिंग (दर ठोक्याला डावा खालचा कप्पा आतलं किती रक्त बाहेर ढकलतो ते) २८ टक्के, ईसीजीत डाव्या बंडलचा, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वीज नेणाऱ्या तारेचा, ब्लॉक, क्यूआरएस १६४ मिलिसेकंद. क्यूआरएस म्हणजे ईसीजीतला उंच टोकदार भाग; तो जितका रुंद, तितका विजेचा संदेश खालच्या कप्प्यांत उशिरा पसरतो. औषधं पुरेशा डोसवर नेऊन झाली, तरी एक जिना चढला की दम लागायचा. एका हृदयरोगतज्ज्ञांनी तीन वायरींचा पेसमेकर, म्हणजे सीआरटी, सांगितला. दुसऱ्या मताला गेले तर तिथे ‘हल्ली लेफ्ट बंडल करतात’ असं ऐकून आले. काकू वैतागून म्हणाल्या, “अहो डॉक्टर, पेसमेकर तो पेसमेकर. वायर इथे घातली काय नि तिथे घातली काय!”

फरक पडतो. घरचे लोक मशीन कुठल्या कंपनीचं यावर तासभर बोलतात आणि वायरचं टोक कुठे टेकणार हे विचारतच नाहीत, हा माझा नेहमीचा अनुभव.

नवा कात्रज बोगदा बंद झाला की गाड्या जुन्या घाटाने येतात. पोचतात सगळ्या, पण उशिरा. डाव्या बंडलच्या ब्लॉकमध्ये हेच होतं. विजेचा संदेश जलद वाटेने न जाता स्नायूच्या पेशीपेशीतून सरकत डाव्या खालच्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचतो. दोन्ही खालच्या कप्प्यांच्या मधला पडदा आधी आकसतो, समोरची भिंत मागाहून. रक्त पुढे ढकललं जाण्याऐवजी आतल्या आत हिंदकळतं.

यावर जुना आणि भक्कम पुराव्याचा उपाय म्हणजे घाटाच्या पलीकडेही एक चौकी बसवायची. एक वायर उजव्या खालच्या कप्प्यात, दुसरी हृदयाच्या मागून जाणाऱ्या कोरोनरी सायनस या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीवर; दोघींनी एकाच वेळी ठोका द्यायचा. तिसरी वायर वरच्या उजव्या कप्प्यात असते. २००५ च्या केअर-एचएफ चाचणीत ८१३ रुग्ण होते. नुसत्या औषधांवरच्या गटात सुमारे ३० टक्के दगावले, सीआरटीच्या गटात २० टक्के.

अडचण अशी की शिरांचा नकाशा देवाने ज्याचा-त्याचा वेगळा काढलेला असतो. डॉक्टरांना हवी असते बाजूची किंवा मागच्या-बाजूची शीर. कुणाची ती बारीक असते, कुणाची वाकडी, कुणाची नसतेच. हृदयाच्या टोकाकडे वायर बसली तर निकाल वाईट लागतो, हे मॅडिट-सीआरटी नावाच्या चाचणीतल्या रुग्णांच्या २०११ मधल्या विश्लेषणात दिसलं. गंमत म्हणजे पुढची, बाजूची आणि मागची भिंत यांत त्यांना फारसा फरक आढळला नाही. २०१२ च्या टार्गेट चाचणीत २२० रुग्णांपैकी निम्म्यांत इकोवर सगळ्यात उशिरा आकसणारी जागा हेरून, जखमेचा व्रण टाळून, वायर तिकडे नेली. त्यांच्यात ७० टक्क्यांना फायदा झाला, नेहमीच्या पद्धतीत ५५ टक्क्यांना. काकांना मी म्हटलं, हार्ट अटॅक येऊन गेला असता तर व्रण नेमका कुठे आहे हे मी आधी पाहायला सांगितलं असतं. मेलेल्या स्नायूला ठोका देऊन तो हलत नाही.

आणखी एक त्रास म्हणजे श्वासपटलाची नस याच शिरेशेजारून जाते. वायर तिला लागली की ठोक्यागणिक उचकीसारखा धक्का बसतो, झोप उडते. चार टोकांच्या वायरीमुळे मशीनवरूनच दुसरं टोक निवडता येतं, त्यामुळे हा प्रकार बराच आटोक्यात आला आहे. तेव्हा वायर चार टोकांची आहे ना, हे विचाराच.

दुसरा उपाय वेगळा विचार करतो : बोगद्यात जिथे दरड पडली आहे तिच्या पुढे जाऊन पुन्हा हमरस्त्याला लागायचं. उजव्या बाजूने मधल्या पडद्यात वायर स्क्रूसारखी आत नेतात आणि डाव्या बंडलजवळ थांबवतात. ही पद्धत २०१७ पासून पुढे आली, चीनमधल्या वेइजियान हुआंग यांच्या कामातून. २०२२ मध्ये ४० रुग्णांवर दोन्हींची थेट तुलना झाली. सहा महिन्यांनी पंपिंगमधली सुधारणा लेफ्ट बंडल गटात साडेपाच टक्क्यांनी जास्त होती. पण रुग्ण फक्त ४०, आणि हार्ट अटॅकमुळे हृदय कमजोर झालेले त्यात नव्हते. जगण्या-मरण्याचा हिशोब त्यावरून मांडता येत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही रुंद क्यूआरएस आणि डावा ब्लॉक असलेल्यांसाठी पहिलं स्थान शिरेतल्या वायरीलाच आहे. ती नीट बसत नसेल तर लेफ्ट बंडल.

तरी व्यवहारात लेफ्ट बंडलची बाजू लंगडी नाही. ठोक्याला वीज कमी लागते, बॅटरी जास्त टिकते. शिरांचा नकाशा काढायला लागणारा डाय बराचसा वाचतो. क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे किडनी कमजोर असलेल्या माणसाला हे फार मोलाचं. खर्चही अनेकदा कमी. उलट पडद्यातच जाड व्रण असेल तर स्क्रू आत जात नाही, कधी पडदा पार करून वायर पलीकडे डोकावते. दहा-पंधरा वर्षांनी ती काढायची वेळ आली तर काय, याचा अनुभव अजून थोडा आहे.

हिस बंडलमध्ये, म्हणजे डावा-उजवा फाटा फुटण्याआधीच्या मूळ तारेत, वायर बसवण्याची पद्धत २००० पासून आहे, पण तिला वीज कालांतराने जास्त लागू शकते, म्हणून आता मागे पडली. छाती थोडी उघडून बाहेरून वायर शिवणं हा शेवटचा मार्ग. पूर्ण भूल, सर्जन, आयसीयू, सगळंच आलं.

मग काकांनी काय करावं? अटॅक नाही, क्यूआरएस रुंद, किडनी ठीक. माझं मत शिरेतल्या वायरीकडे झुकलं, पण एका अटीवर : चांगली शीर मिळाली नाही तर त्याच टेबलावर लेफ्ट बंडल करता येईल अशी टीम हवी. “आधीच ठरवून जा,” म्हटलं, “कॅथ लॅबच्या दारात सही घेताना हा विषय काढू नका.” किती वेळा केलंय, किती वेळा जमलं नाही, हे डॉक्टरांना तोंडावर विचारायला पुणेकरांनी लाजू नये. इतर बाबतीत कुठे लाजतो आपण!

काकांची बाजूची शीर चांगली निघाली. परवा तपासायला आले तेव्हा मी आधीचा आणि नंतरचा ईसीजी एकाखाली एक ठेवला. काकूंनी पर्समधून चष्मा काढला, दोन्ही कागद खिडकीशी नेऊन पाहिले आणि म्हणाल्या, “खालचा बारीक दिसतोय.”