भिंतीवर होकुसाई हवाय: पोस्टर घ्यावं की हाताने छापलेलं?

जपानी चित्रकार होकुसाईची, लाकडी ठशांनी छापलेली ती प्रसिद्ध लाट (साधारण १८३१) मुळात ए-३ कागदापेक्षाही लहान आहे, सुमारे २५ बाय ३८ सेंटीमीटर. त्या वेळच्या, म्हणजे एदो काळातल्या जपानमध्ये ही छापील चित्रं माणसं हातात घेऊन जवळून बघत. त्यामुळे सोफ्यामागची अख्खी भिंत लाटेच्या वॉलपेपरने भरायचा बेत असेल तर तो सोडाच. एवढी फुगवली की रेषेतली धार जाते.

जुनी मूळ प्रत आपल्या हिशेबातच नको. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात लाटेची एक प्रत २७ लाख डॉलरच्या वर गेली. खरी निवड उरते दोनात.

डिजिटल प्रिंट स्वस्त पडते. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ पासून कॉपीराइट नसलेल्या कलाकृतींची छायाचित्रं मोफत खुली केली आहेत. मॅट कॉटन पेपरवर, मूळ आकारात छापून घ्या, ग्लॉसी नको. फक्त एवढं लक्षात असू द्या, की पिवळा पडलेला कागद आणि उडालेले रंगही फाइलमधून जसेच्या तसे येतात.

दुसरा पर्याय जुन्या चित्रावरून लाकडावर पुन्हा कोरलेल्या ठशांचा. टोकियोतली अदाची संस्था आजही चेरीच्या फळ्या कोरून, हाताने बनवलेल्या ‘वाशी’ या जपानी कागदावर हातानेच छापते. इथे रंग कागदावर बसत नाही, तंतूंत मुरतो. प्रत उलटी करून बघा: रंग पाठीपर्यंत झिरपलेला असतो आणि ‘बारेन’ने (कागद ठशावर दाबायच्या चपट्या गोल साधनाने) घासल्याच्या गोलसर खुणाही दिसू शकतात. होकुसाईच्याच काळातला चित्रकार हिरोशिगे, त्याच्या चित्रांतल्या आभाळात वरचा गडद निळा खाली येता येता विरतो, ती ‘बोकाशी’ छपाईकार प्रत्येक प्रतीसाठी फळीवर नव्याने साधतो. किंमत पोस्टरच्या कितीतरी पट, वर कुरियर आणि कस्टम ड्युटी.

माझं मत विचाराल तर अंतर बघा. हॉलमध्ये दहा फुटांवरून बघायचं असेल तर डिजिटल घ्या, उगाच खर्च नको. लिहायच्या टेबलाशेजारी किंवा पॅसेजमध्ये, जिथे नाक चित्राजवळ जातं, तिथे हाताने छापलेलंच.

ताजमहाल धुक्यात आणि रात्रीही चितारणाऱ्या हिरोशी योशिदाची विसाव्या शतकातली प्रिंट मिळत असेल, तर डाव्या समासात ‘जिझुरी’ शिक्का आहे का ते तपासा. त्याच्या देखरेखीखाली छपाई झाल्याची ती खूण. शिक्का नसेल तर तोच भाव देऊ नका.

फ्रेमवर मात्र हात आखडू नका. अ‍ॅसिड-फ्री माउंट लावा, कागद काचेला टेकू देऊ नका, सेलोटेप तर मुळीच नको. थेट ऊन येणारी भिंत टाळा आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही. घरात तेवढीच भिंत मोकळी असेल तर मुकाट्याने डिजिटल लावा. खराब झाली की पुन्हा छापता येते.