दाढेला तीन महिने, पुढच्या दाताला एक दुपार

नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात माझे दोन इम्प्लांट झाले, म्हणजे पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवून त्यावर दाताची कॅप लावली. खालची दाढ गेल्या वर्षी, वरचा पुढचा दात यंदा. दाढेला कॅपसाठी तीन महिने थांबवलं आणि पुढच्या दाताला, स्क्रू बसला त्याच दुपारी कॅप! बहीण म्हणाली, "मग दाढेला का गं रखडवलं तुला?"

दाढेच्या वेळी मीही हेच विचारलं होतं. शहरात 'एका दिवसात दात'चे फलक काही कमी नाहीत. डॉक्टर मॅडमनी स्कॅन उघडून शांतपणे समजावलं. टायटॅनियमचा स्क्रू पहिल्या दिवशी नुसता आवळून बसलेला असतो. त्याच्याभोवतीचं जुनं हाड थोडं झिजतं, मग नवं भरतं. या मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पकड सगळ्यात कमी असते. नेमका तेव्हाच दाढेखाली शेंगदाणा आला आणि स्क्रू सूतभर जरी हलत राहिला, तर हाडाऐवजी मऊ तंतूंचा थर धरतो आणि स्क्रू ढिला होतो. नुकत्या ओतलेल्या स्लॅबवर कोणी टाकी ठेवत नाही, तसंच हे. शिवाय चावण्याचा खरा जोर दाढांवरच येतो, आणि मला झोपेत दात खायची सवय. पकड मोजली तीही बेताचीच भरली. थांबायची ही रीत स्वीडनच्या ब्रोनमार्क यांची. त्यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्याला तीन-चार महिने आणि वरच्याला सहा महिने स्क्रू हिरडीखाली झाकून ठेवत. आता स्क्रूचे पृष्ठभाग सुधारल्यामुळे ही मुदत कमी झालीय. माझा स्क्रू तर झाकलाही नाही, वर छोटी टोपी लावून हिरडीला आकार घेऊ दिला. दाढ नसल्याचं कोणाला दिसत नव्हतं. एका बाजूने जेवायचं, एवढाच त्रास.

पुढच्या दाताचं प्रकरण वेगळं. मी कार्यक्रमांचं निवेदन करते. लग्नं, सत्कार, बँकांच्या वार्षिक सभा. जुन्या रूट कॅनलच्या दाताचं मूळ उभं तडकलं, तेही ऐन लग्नसराईत. पुढे खिंडार ठेवून 'सुस्वागतम' म्हणून बघा एकदा. तरी मॅडम लगेच हो म्हणाल्या नाहीत. "आधी काढून बघू. पुढची हाडाची भिंत शाबूत असेल आणि स्क्रू घट्ट बसला, तरच कॅप. नाहीतर काढता-घालता दात देईन."

दात अलगद काढला, त्याच खाचेत स्क्रू बसवला, पुढच्या फटीत हाडाची भुकटी भरली. जोर मोजणाऱ्या रेंचने (पान्याने) पिळून पाहिलं, ३५ न्यूटन-सेंटिमीटरपर्यंत स्क्रू घट्ट टिकला, तेव्हा कुठे तात्पुरती कॅप आली. ती सिमेंटने चिकटवली नाही, स्क्रूने आवळली, कारण ताज्या जखमेत सिमेंट अडकलं तर हिरडी चिघळते. मग निळा कागद. चावा, जबडा पुढे घ्या, डावीकडे, उजवीकडे. जिथे निळा डाग दिसला तिथे घासायचं. खालचा दात कुठेच लागेनासा झाल्यावरच मला सोडलं. मीच हट्टाने त्यांच्यासमोर सगळी प्रस्तावना म्हणून दाखवली. 'स'ला किंचित शिट्टी येत होती, आतून थोडं घासल्यावर गेली.

आता फलकांवर नसतं ते. हा 'त्याच दिवशीचा' दात दाखवायचा असतो, चावायचा नाही. भाकरीचा तुकडा, पेरू, कणीस, सगळं पुढच्या दातांना बंद. आणि वेळही वाचत नाही! पक्की झिर्कोनियाची कॅप चार महिन्यांनीच आली, म्हणजे दाढेपेक्षाही उशिरा. हाड आपल्याच गतीने भरतं. हाती लागलं ते दुसरंच. दोन दातांमधलं हिरडीचं टोक तात्पुरत्या कॅपने धरून ठेवलं, ते खाली बसलं नाही. पुढच्या दाताला त्याचं मोल फार. दाढेजवळ मात्र बारीक फट राहिलीय, जेवल्यावर छोटा ब्रश फिरवावा लागतो. तिथे चालतं, कोण बघतंय!

आता तक्रारी. तात्पुरत्या कॅपचे सहा हजार वेगळे, हे मला बिल हातात आल्यावर कळलं. आधीच्या अंदाजपत्रकात ती ओळच नव्हती. काउंटरवरच्या ताईंचं उत्तर काय, तर "सगळ्यांचं असंच असतं, मॅडम." मुळीच नसावं. दिलेली वेळ संध्याकाळी हमखास पाऊण तास तरी सरकते. खाली पार्किंग नाही, गल्लीत स्कूटर लावताना भाजीवाल्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

तरी दात याच बाईंकडे करा म्हणेन. घाई माझी होती, निर्णय त्यांनी हाडाकडे बघून घेतला. दोन्ही वेळा. मधुमेह आहे का, सिगारेट ओढता का, हेही पहिल्याच भेटीत विचारलं. दुसरीकडे कोणी स्कॅन न काढता, पकड न मोजता फोनवरच 'त्याच दिवशी देतो' म्हणालं, तर मी तिथली पायरी चढणार नाही.

एक मात्र स्वतःहून मागून घ्या. इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते आपल्या फाईलला लावून मिळतं. मला मागितल्यावर मिळालं. पुढे कधी स्क्रू ढिला झाला आणि आपण दुसऱ्या गावी असलो, तर तिथल्या डॉक्टरांना योग्य पाना त्यावरूनच शोधता येतो.