‘रागा जॅझ स्टाईल’: ऐकायला आणि बसवायला

संगीतकार शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाईल’ ही राग जॅझच्या ढंगात वाजवलेली रेकॉर्ड एचएमव्हीने १९६८ साली काढली. राग अकरा, तोडीपासून सुरुवात आणि भैरवीवर शेवट, म्हणजे मैफलीचा रिवाज सांभाळलेला. सतारीवर उस्ताद रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो. नुसतं ऐकायचं असेल तर पाचपैकी चार. एलपीच्या दोन बाजूंत अकरा राग कोंबल्यावर एकेकाच्या वाट्याला चार-एक मिनिटंच येणार, तेव्हा आलाप-बढतीची, म्हणजे राग सावकाश उलगडत नेण्याची, अपेक्षा धरू नये. सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये मुरलेल्या मंडळींचं हे काम आहे: कोण कुठे शिरणार, कुठे थांबणार, सगळं पक्कं. जॅझमधला मोकळा, लांबलचक सोलो मात्र इथे नाही. तो एक गुण त्यासाठीच कापला.

बँडमध्ये हे बसवायला घेतलं की खरी गंमत सुरू होते. उदाहरणार्थ मालकंस. यात पंचम नाही. सा म्हणजे सी धरला तर पियानोवाल्याचा हात सवयीने सी मायनर या कॉर्डवर (एकत्र दाबलेल्या सुरांच्या गटावर) जातो, त्यातला जी म्हणजेच पंचम, आणि राग तिथेच गेला. मग सुटका म्हणून बास ए फ्लॅटवर, म्हणजे कोमल धैवतावर, उतरतो. हे जास्त फसवं, कारण सूर सगळे रागातलेच असतात. पण खाली ए फ्लॅट घुमायला लागला की कान त्यालाच षड्ज मानतो आणि तेच पाच सूर चक्क भूप राग होऊन ऐकू येतात. उपाय सोपा आहे. नेहमीच्या कॉर्ड सोडा आणि सा-मध्यमाच्या अंतराने सूर एकावर एक रचा: सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, म्हणजे सा, मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, कोमल धैवत. मोजून पाहा, हा अख्खा मालकंसच आहे. डाव्या हाताला खालचे तीन, उजव्याला वरचे दोन, आणि बास सा-मध्यम सोडून कुठे जाणार नाही. सतार कोमल गंधारावर मींड घेत, म्हणजे तार खेचून सूर घसरवत, असेल तेव्हा उजवा हात उचलायचा, नाहीतर पियानोचा ठोकळ गंधार त्या मींडेच्या आड येतो.

कलावती वरवर सगळ्यांत सोपी वाटते. सा, गंधार, पंचम, धैवत आणि कोमल निषाद म्हणजे जवळजवळ तयार सी थर्टीन्थ ही जॅझमधली कॉर्ड, ब्लूजचा वास आयताच. पण बारा बारचा (बारा आवर्तनांच्या ठरलेल्या कॉर्ड-क्रमाचा) ब्लूज लावायला गेलात तर पाचव्या बारला एफ सेव्हन्थ येते. तिच्यातला मध्यमही कलावतीत वर्ज्य आणि कोमल गंधारही. पूर्ण वेळ एकाच कॉर्डवर राहायची तयारी असेल तरच कलावती घ्या. शिवरंजनीला सी मायनर सिक्स्थ बरोबर बसते, मायनर सेव्हन्थ नाही, कारण तिच्यातला कोमल निषाद रागात नाही. बैरागीत गंधारच नाही, त्यामुळे मेजर की मायनर हा प्रश्नच उरत नाही. नवख्या बँडने तिथूनच सुरुवात करावी. भैरवच्या कोमल रिषभावरचं आंदोलन, म्हणजे सुराचा संथ झोका, पियानोवर निघत नाही. ते सतार-सॅक्सकडेच राहू द्या.

तबला आणि ड्रम्स एकत्र ठेवले की आणखी एक भानगड होते. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीत, मात्रेचे तीन भाग पडतात आणि ड्रम्सच्या राईड सिम्बल या झांजेवर पहिला-तिसरा वाजतो. तबलजीची दुगुन मात्रेचे सरळ दोन भाग करते. दुसरा ठोका दोघांचा वेगवेगळ्या जागी पडतो. मध्य लयीत, मिनिटाला १०० ते १४० ठोक्यांच्या आसपास, हे फार बोचतं. २०० च्या पुढे स्विंग आपोआप सरळ होत जातो. एक तर तबल्याने तिस्र जातीत (मात्रेचे तीन भाग करून) वाजवावं, नाहीतर ड्रमरने स्विंग सोडावा. ‘दोघं ऐकून घेतील’ यावर विसंबू नये.

पट्टीचा बाऊ मात्र उगाच करतात. सतार काळी एकला (सा म्हणजे सी शार्प) असेल तर नोटेशनमध्ये सी शार्प न लिहिता डी फ्लॅट लिहा. ट्रम्पेट आणि सॅक्सचे कागद ऐकू येणाऱ्या सुरापेक्षा वेगळ्या पट्टीत लिहावे लागतात; ट्रम्पेटला ई फ्लॅट येतो, आल्टो सॅक्सला बी फ्लॅट. दोन्ही हाताखालच्या पट्ट्या. सोपं व्हावं म्हणून सतार पांढरी दोनला (डीला) चढवली, तर मेजर धरून आल्टोच्या कागदावर पाच शार्प येतात.

आणि क्रम रेकॉर्डवरचा उचलू नका. तिथे मालकंसामागोमाग कलावती येते. मंचावर तसं केलंत तर गंधार-धैवताच्या तरफा (सतारीच्या खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारा) कोमलाच्या शुद्ध लावून होईपर्यंत सतारिया खाली मान घालून खुंट्या पिळत बसणार आणि बाकीचे प्रेक्षकांकडे बघत. मध्ये सतार नसलेला एखादा तुकडा ठेवा.