एमपी३ चं लायसन संपलंय म्हणून ६३ हजार घालवले

आधी आकडा सांगतो, मग पुढचं वाचायचं का नाही ते तुम्ही ठरवा. ६३,४९७ रुपये. त्यातले १९,९९९ परत आले, तेबी चार महिन्यांनी, बाकीचे गेले ते गेलेच. आणि हे सगळं कशापायी, तर गाण्याच्या फाईली बदलायचं एक सॉफ्टवेअर सारखं बंद पडत होतं म्हणून. लिहायची लाज वाटते पण गल्लीत तिघाचौघांना सांगितलं तर त्यातल्या एकानं त्याच पद्धतीचा खोटा हेल्पलाईन नंबर प्रिंटरसाठी फिरवलेला निघाला, मग म्हटलं लिहूनच टाकू.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, कोल्हापुरात शिवाजी पेठेत भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मंडळातल्या एकाकडं टेपरेकॉर्डर होता, तो प्रत्येक भजनाला टेप लावून बसायचा. एकादशीची भजनं, नवरात्रातली, कुणाच्या तरी वास्तुशांतीची रात्रभर चाललेली, असल्या साधारण साठ कॅसेटी आमच्या माळ्यावर बुटाच्या बॉक्सात होत्या. आण्णा गेले, वर्षश्राद्ध जवळ आलं, तेव्हा डोक्यात आलं की सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि प्रत्येक पाव्हण्याला एक एक पेन ड्राईव्ह द्यायचा.

जुना टेप डेक होता पण चालत नव्हता. गंगावेशीत एक म्हातारे रेडिओ-टेपवाले आहेत त्यांच्याकडं नेला. त्यांनी डेक उघडायच्या आधी काय विचारलं माहितीय? "कॅसेट आणलीय का बरोबर, लावा, ऐकू दे." ऐकलं, आवाज लडबडतोय म्हणजे बेल्ट सैल झालाय म्हणाले, बेल्ट बदलला, स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसलं, साडेतीनशे रुपये घेतले. हे मुद्दाम सांगतोय, पुढं लागणार आहे.

मग यूएसबीचं साऊंड कार्ड घेतलं, डेक त्याला जोडला आणि रेकॉर्डिंग सुरू. एका व्हिडिओत सांगितलेलं की क्वालिटी पाहिजे तर ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर घ्या, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा. घेतलं. वेव्ह फाईली तयार होत गेल्या, एकूण ४१. त्यांचं एमपी३ करायला नेटवरून एक फुकटचं कन्व्हर्टर घेतलं. ३७ फाईली मस्त झाल्या. चार फाईली काय केल्या होईनात. कन्व्हर्ट दाबलं की पट्टी सरकायची, मध्येच "नॉट रिस्पॉन्डिंग" यायचं आणि खिडकी गायब. परत केलं तरी तेच, आणि गंमत म्हणजे दरवेळी त्याच जागी. आणि फाईली नेमक्या कुठल्या, तर वास्तुशांतीचं रात्रभराचं भजन, जिथं आण्णांनी स्वतः म्हटलेले दोन अभंग आहेत. श्राद्धाला पाच दिवस राहिलेले. जीव टांगणीला.

मी सॉफ्टवेअरचं नाव टाकून पुढं "हेल्पलाईन नंबर" असं सर्च केलं. इथंच चुकलो. फुकटच्या सॉफ्टवेअरला फोनवर बसून राहणारा माणूस कोण ठेवतंय, एवढा साधा विचार आला नाही. सगळ्यात वर टोल फ्री नंबर आला. वर बारीक अक्षरात जाहिरात असं लिहिलेलं असतं ते मला नंतर भाच्यानं दाखवलं.

फोन उचलणारा हिंदीत बोलत होता, आवाज एकदम गोड, दर वाक्याला सर. मी सांगितलं चार फाईली क्रॅश होतात. तो म्हणाला, "सर, सिस्टीम देखनी पडेगी." लांबून कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप घ्यायला लावलं, त्यातला नंबर मागितला, मी दिला. माझा माऊस आपोआप हलायला लागला तेव्हा मला तर भारीच वाटलं, वा काय सर्व्हिस आहे.

त्यानं इव्हेंट व्ह्यूअर म्हणून एक खिडकी उघडली, त्यात लाल-पिवळ्या खुणांची ही मोठी यादी. "सर ये सब एरर है, आपका सिस्टीम कभी भी बैठ सकता है." मला घाम फुटला. तर ऐका, ती यादी विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर असते, अगदी आज दुकानातून आणलेल्यावर पण दोन दिवसांत भरते. एखादा प्रोग्रॅम उशिरा चालू झाला, नेट क्षणभर गेलं, सगळ्याची नोंद तिथं पडते. ती बघून कॉम्प्युटर आजारी म्हणायचं म्हणजे डॉक्टरनं माणसाला शिंका किती आल्या विचारून ऑपरेशन सांगण्यातली गत.

मग काळी खिडकी उघडली, त्यात असॉक असं टाईप केलं, भराभर यादी पळाली आणि शेवटी शेवटी ८८८ नं सुरू होणारा एक लांबलचक नंबर दिसला. म्हणाला हा तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन नंबर, लिहून घ्या, मी माझ्या रेकॉर्डमध्ये बघतो. मी लिहून घेतला, त्यानं तोच नंबर फोनवर त्याच्या "रेकॉर्डमधून" वाचून दाखवला. झालं, माझी खात्रीच पटली, हा कंपनीचाच माणूस. नंतर भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर तेच टाईप केलं तर तोच ८८८ वाला नंबर. आमच्या ऑफिसात केलं, तोच. तो नंबर सगळ्याच विंडोजवर एकच असतो! लायसनशी त्याचा काडीचा संबंध नाही.

आणि मग मेन डाव. "सर आपका एमपी३ कोडेक का लायसन एक्सपायर हो गया है, इसलिए क्रॅश होता है." कोडेक म्हणजे एमपी३ बनवायचा आणि वाजवायचा प्रोग्रॅम. रिन्यू करायचे २,४९९. आता मला काय माहीत. एमपी३ च्या पेटंटचा एकेकाळी खरंच व्यवहार होता, जर्मनीची फ्राउनहोफर संस्था ते बघायची, पण २०१७ च्या एप्रिलमध्ये त्यांनीच ते लायसन देणं बंद केलं. आणि लेम नावाचा एमपी३ करायचा एन्कोडर तर वर्षानुवर्षं फुकट मिळतोय. म्हणजे अस्तित्वातच नसलेलं लायसन मी रिन्यू केलं. शिवाय जरा डोकं लावलं असतं तर लायसन संपलं असतं तर ३७ फाईली कशा झाल्या असत्या? पण त्या वेळी डोकं कुठं असतं हो, डोळ्यापुढं आण्णांचे अभंग.

क्यूआर कोड आला, स्कॅन केला, नाव कुठल्यातरी ट्रेडर्सचं आलं. थोडं खटकलं, तरी पिन टाकला. २,४९९ गेले.

इथं थांबलो असतो तरी म्हटलं असतं जाऊ दे, शिकवणीची फी. पण तो म्हणाला, पावती आणि ॲक्टिव्हेशनसाठी मोबाईलवर एक छोटं ॲप घ्यायला लागेल, व्हॉट्सॲपवर पाठवतो. फाईल आली, फोनच ओरडत होता की अनोळखी ठिकाणचं ॲप आहे, धोका आहे. "नॉर्मल है सर, अलाउ कर दीजिए." केलं. मेसेज वाचायची परवानगी मागितली, दिली. मग त्यात फॉर्म, दहा रुपये व्हेरिफिकेशन, डेबिट कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे पण. भरलं. तिकडं कॉम्प्युटरवर "अपडेट चालू आहे, बंद करू नका" असं निळं चक्र फिरत ठेवलेलं आणि फोनवर तो माझ्याशी भजनाबद्दल बोलत होता. "सर, हमारे पिताजी भी गाते थे." ही ओळ आठवली की अजून राग येतो, पैशापेक्षा जास्त.

मला एकही मेसेज दिसला नाही. ओटीपी माझ्या फोनवर येत होते आणि ते ॲप ते परस्पर त्याला पाठवत होतं. वाचलो ते खातं जॉइंट असल्यामुळं आणि बायकोच्या मोबाईलवरपण मेसेज येत असल्यामुळं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णव कशाला काढलं?" मी उठेपर्यंत दुसरा, १९,९९९. मी फोनवर त्याला विचारतोय हे काय, तो म्हणतोय सर रिफंड का एंट्री है, तोवर तिसरा, १६,०००. बायकोनं माझ्या हातातला फोन काढून घेतला, बंद केला आणि राऊटरची वायर उपटली. खरं सांगायचं तर त्या घरात त्या दिवशी अक्कल तिच्याकडंच होती.

तिच्याच फोनवरून १९३० लावला, ऑनलाईन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. दोनदा एंगेज लागला, तिसऱ्यांदा लागला. कुठली बँक, किती वाजता, किती रक्कम, व्यवहाराचा नंबर काय, सगळं विचारलं आणि तक्रार क्रमांक दिला. पहिले पैसे गेल्यापासून चाळीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात दोन रकमा पुढं सरकल्या होत्या, मधली १९,९९९ एका वॉलेटमध्ये होती ती अडवली. म्हणून सांगतो, आधी १९३०, मग बँक, मग नातेवाईक, मग रडणं. मी जर आधी त्या माणसालाच परत फोन लावत बसलो असतो तर तेही गेले असते. कार्ड ब्लॉक केलं, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इनवर सगळे स्क्रीनशॉट टाकले.

सायबर पोलिसांकडं गेलो तर तिथले हवालदार म्हणाले, "साहेब, बाकी सगळे लाईटबिल आणि केवायसीवाले येतात, गाण्याच्या फाईलीवाले तुम्ही पहिलेच." मला हसू पण आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं पण झालं. माणसं चांगली वागली, ओरडली नाहीत. बँकेत मात्र साफ सांगितलं, रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, ग्राहकानं स्वतः माहिती दिली असेल तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, तक्रारीनंतर काही गेलं तर बँकेचं. भांडायला तोंडच नव्हतं. अडवलेली रक्कम सोडवायला कोर्टाचा आदेश लागला, ते चार महिने त्यात गेले.

आता त्या चार फाईलींचं. इचलकरंजीहून भाचा आला. त्यानं कॉम्प्युटर आधी नेटपासून तोडून ठेवला आणि पहिलाच प्रश्न, "मामा, बंद पडणाऱ्या फाईली किती जीबीच्या आहेत?"

बघितलं तर तीन फाईली सहा-सहा जीबीच्या वर. रात्रभराचं भजन म्हणून मी तीन तीन कॅसेटी रेकॉर्डिंग न थांबवता एकाच फाईलीत घेतल्या होत्या. त्यानं कागदावर मांडून दाखवलं. ९६ हजार नमुने गुणिले ३ बाईट (२४ बिट म्हणजे ३ बाईट) गुणिले २ चॅनेल, सेकंदाला ५,७६,००० बाईट, म्हणजे तासाला दोन जीबीच्या वर. आणि वेव्ह फाईलीच्या सुरुवातीला तिची लांबी लिहायला चारच बाईटची जागा असते, त्यात ४ जीबीच्या पुढचा आकडा मावत नाही. साधारण दोन तास चार मिनिटं झाली की भांडं भरलं. पुढं सांडतं, तिथं चुकीचा आकडा पडतो, कन्व्हर्टर तो आकडा खरा धरून चालतो आणि तोंडावर पडतो. म्हणून दरवेळी त्याच जागी. व्हायरस नाही, लायसन नाही, काही नाही.

आवाज फाईलीत शाबूत होता. त्यानं ऑडॅसिटी नावाचं आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर घेतलं, तेही फुकट, त्यात इम्पोर्टमध्ये रॉ डेटा म्हणून प्रकार आहे. तिथं २४ बिट, स्टिरिओ, ९६००० आपण हातानं सांगायचं म्हणजे तो सुरुवातीचा चुकीचा आकडा वाचतच नाही, सरळ आवाज उचलतो. मग एकेका तासाचे तुकडे केले आणि एमपी३. आणि म्हणाला कॅसेटला ९६ घ्यायची गरजच नव्हती, असल्या जुन्या साध्या कॅसेटवर १५-१६ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा नसतो, नमुने त्याच्या दुपटीहून थोडे जास्त घेतले की पुरतं, म्हणून ४४.१ वर, १६ बिटनं घेतलं तरी भरपूर, तासाला साडेसहाशे एमबीच्या आत बसतं. चौथी फाईल लहानच होती, तिचं नाव तेवढं मी मराठीत लांबलचक ठेवलेलं, ते त्या जुन्या कन्व्हर्टरला झेपत नव्हतं. नाव इंग्रजीत केलं, झाली.

सगळं मिळून दीड तास. खर्च म्हणाल तर भाच्याला फडतरेंची मिसळ. नंतर फाईली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन कॉम्प्युटर फॉरमॅट केला, मोबाईल रिसेट केला, पासवर्ड सगळे दुसऱ्या फोनवरून बदलले.

माझ्या मनात बसलंय ते हे, की तो माणूस माझ्याशी दीड-पावणेदोन तास बोलला, माझ्या वडिलांची चौकशी केली, पण एकदाही फाईल उघडून बघितली नाही. किती मोठी आहे, कुठं बंद पडते, काहीच नाही. गंगावेशीतल्या म्हाताऱ्यांनी स्क्रू काढायच्या आधी कॅसेट ऐकली होती.

दोन महिन्यांनी परत फोन आला, यावेळी नंबर दुसरा, आवाज दुसरा. मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे ४३,४९८ मंजूर झालेत, सोडवायची फी १,५०० भरा. रक्कम पैशापर्यंत बरोबर होती, म्हणजे फसलेल्यांची यादी त्यांच्याकडंच. मी काही बोलायच्या आत बायकोनं स्पीकरवर घेतला आणि म्हणाली, "व्हय व्हय, भरतो की. आधी ती फाईल किती जीबीची हुती तेवढं सांगा."

तिकडनं "कौन सी फाईल मॅडम?" एवढंच आलं.