बैलचलित अवकाश-प्रक्षेपक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बैलजोडीने फिरवलेल्या गोफणीतून वस्तू थेट कक्षेत पाठवण्याचे आश्वासन देणारा हा प्रक्षेपक मी काही महिने नियमितपणे वापरला असून, घेऊ इच्छिणाऱ्यांनी त्यातील बैलांचा आणि गोफणीचा विचार वेगवेगळा करावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

बैलांच्या शक्तीचा हिशेब खोटा नाही. घाण्याप्रमाणे गोल फिरणाऱ्या जोडीची संथ चाल दातेरी चाकांतून वाढत जाऊन जड फ्लायव्हीलमध्ये (ऊर्जा साठवणाऱ्या फिरत्या चाकात) साठते आणि क्लच जोडताच दोन मीटरच्या भुजेकडे जाते. एक किलो वस्तूला कक्षेचा सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर वेग देण्यासाठी साधारण 30 मेगाजूल ऊर्जा लागते. अर्धा किलोवॉट शक्तीने काम करणारा एक बैल, घर्षणात काहीच वाया गेले नाही असे धरल्यास, ती 17 तासांच्या कामात पुरवतो.

अडचण गोफणीची आहे. भुजेचे टोक सेकंदाला 100 मीटर वेगाने फिरते तेव्हाच एक किलोचे वजन अर्ध्या टनाच्या जोराने बाहेर ओढते, आणि सरळ वर सोडल्यास, हवेचा विरोध सोडून दिला तरी, ते जेमतेम 510 मीटर उंची गाठते. याच भुजेवर कक्षेचा वेग गाठायचा तर ओढा 3,000 टनांपुढे जाईल. भुजेच्या स्वतःच्या वजनाचा ओढा धरता तो पेलणारा धातू उपलब्ध नाही. शिवाय जमिनीवरून एकदाच फेकलेली वस्तू एकतर परत पडते किंवा पृथ्वी सोडून जाते. 1966 मध्ये हार्प या अमेरिका-कॅनडाच्या संशोधन प्रकल्पातील तोफेने मार्टलेट नावाचा गोळा 180 किलोमीटर उंचीवर नेला, तोही खालीच आला. कक्षेत राहण्यासाठी वर गेल्यावर दुसरा धक्का द्यावा लागतो आणि त्याची कोणतीही सोय या यंत्रात नाही.

मला मात्र याहून गंभीर वाटते ती जुवाची रचना. क्लच जोडताना फ्लायव्हील एकदम मंदावते व तो हिसका उलट दिशेने थेट बैलांच्या मानेपर्यंत पोहोचतो. सोबत मिळालेले जू अरुंद असल्याने आमच्या एका बैलाला खांदेसूज झाली आणि त्याला बराच काळ विश्रांती द्यावी लागली. चाके एकाच दिशेने फिरत असल्यामुळे बाहेरच्या बैलाला नेहमीच जास्त चालावे लागते, आणि ठरावीक बाजूला जुंपायची सवय असलेल्या जोडीची अदलाबदल करणे सोपे नसते. उत्पादकाने रुंद जू आणि हिसका अडवणारी कळ बसवून द्यावी. तोवर या यंत्राला कोणीही बैल जुंपू नयेत.