सोवाज, ब्लू की तेर: पहिली महागडी बाटली घेताना

दिवाळीचा बोनस जमा झाला की आमच्या ऑफिसातला एक तरी पोरगा विचारतोच, दादा एकच भारी परफ्यूम घ्यायचाय, कुठला घेऊ. आणि यादी ठरलेली असते, दिऑरचं सोवाज नायतर शनेलचं ब्लू, आणि कोणी जरा वाचून आलेला असेल तर एर्मेसचं तेर. तिन्हींची 100 मिलीची बाटली पाच आकड्यांत जाते, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच टाकू.

सोवाज 2015 चं. (खुशाल सॉवेज म्हणा, काउंटरवाले पण तेच म्हणतात.) मारलं की आधी बर्गमॉट (लिंबा-संत्र्याच्या जातीचं फळ) आणि मिरी झणकन नाकात जाते आणि मग तासन् तास मागे रेंगाळतं ते अँब्रॉक्सन. कोकणातल्या बातम्यांत येते बघा देवमाशाची उलटी, जवळ सापडली की पोलीस उचलतात, तिच्या वासातलाच हा घटक, फक्त हा लॅबमधे बनवलेला, त्यामुळे माशाचा काय संबंध नाही. कौतुक पाहिजे असेल, कोणीतरी "काय लावलंयस रे" विचारावं असं वाटत असेल तर डोळे झाकून हेच घ्या. पण एक आहे, हे सगळ्यांकडे असतं. सकाळी लिफ्टमधे तीन जण सोवाज मारून आले की आपण कुठला वेगळा आहे ते आपल्यालाच कळत नाही, आणि बंद गाडीत चार फवारे मारून बसलात तर शेजारचा काच खाली करतो.

ब्लू 2010 चं, झाक पोल्झ या परफ्यूमरने केलेलं. ग्रेपफ्रूट, आलं, थोडा धूप, आणि खाली, म्हणजे शेवटपर्यंत उरणारा, लाकडाचा वास. खरं सांगायचं तर कंटाळवाणं म्हणावं इतकं सज्जन आहे, पण नेमकं तेच कामाला येतं, मीटिंग असो, साखरपुडा असो, सासरेबुवांना भेटायचं असो, कुठेच खटकत नाही. झाकणात लोहचुंबक आहे, कसंही ठेवा टक्कन वळून वरचा लोगो सरळ होतो, मी पहिले दोन दिवस नुसता तोच खेळ करत होतो.

आता तेर. 2006 चं, झाँ-क्लोद एलेना या परफ्यूमरचं, आणि माझा जीव यात अडकलाय हे आधीच सांगून ठेवतो. संत्रं, मिरी, वाळा, आणि लहानपणी दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या की जो जळका वास यायचा ना, तो. ऐकायला विचित्र वाटतं, माहितीये. गेल्या मे महिन्यात मी मॉलमधे डाव्या मनगटावर सोवाज आणि उजव्यावर तेर मारून घेतलं आणि विरार लोकलने उभ्याने घरी आलो, घामाने शर्ट चिकटलेला. डाव्या हाताचा वास अंधेरीपर्यंत नको नको झाला होता. उजव्याचं मी विसरूनच गेलो होतो, घरी आईच्या हातातून चहाचा कप घेतला तर ती म्हणते, "माठात वाळा टाकलायस का रे?" माझा निर्णय तिथंच झाला. पण पंचविशीच्या आतल्या पोरांना हे बहुतेकदा काकांचं वाटतं, ते पण खोटं नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती नावांत. एकाच परफ्यूमच्या वेगवेगळ्या बाटल्यांवर ओ द तॉयलेट, ओ द पार्फं, पार्फं, एलिक्सिर असं लिहिलेलं असतं, लोकांना वाटतं वास तोच, फक्त स्ट्राँग होत जातो. तसं नाहीये. सोवाज एलिक्सिर (2021) मधे दालचिनी, जायफळ, वेलची आहे, डिसेंबरात पुण्यात मस्त वाटेल, मे महिन्यात दादरच्या पुलावर मसाल्याचा डबा उघडल्यासारखं होईल. ब्लू घेणार असाल तर माझं मत 2014 च्या ओ द पार्फंला, 2018 चं पार्फं आणखी छान आहे पण त्यात चंदन जास्त, ते आवडायला पाहिजे.

आणि दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगून पैसे देऊ नका, कितीही सेल असला तरी. पहिली पंधरा-वीस मिनिटं जे येतं ते उडून जाणारं असतं, तुम्हाला सहा महिने जगायचंय ते खालच्या वासाबरोबर. मी एकदा असाच दहा मिनिटांच्या वासावर भाळून एक बाटली घेतली होती, आता ती बाथरूममधे रूम फ्रेशनरचं काम करते. मनगटावर मारा, घासू नका, बाहेर पडा, जेवा, उन्हात फिरा, तीन-चार तासांनी हुंगा. एका दिवसात दोनच, तिसऱ्याला नाक दगा देतं. घरी लावताना पण तेच, अर्ध्या तासाने स्वतःला वास येईनासा झाला म्हणून परत फवारू नका, तुमचं नाक सरावलेलं असतं, समोरच्याचं नाही.

बजेट ताणून 100 मिली घेण्यापेक्षा ब्लू किंवा तेरची 50 मिली घ्या, रोज दोन-तीन फवारे मारले तरी बरेच महिने जाते. आणि अर्ध्या किमतीत "ओरिजिनल" कोणी देत असेल तर त्याला नमस्कार करून पुढे व्हा.