तांबं म्हणून गळ्यात मारलेली केबल

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरावर मजला चढवला तेव्हा नेटवर्कची केबल मी स्वतः ओढायची ठरवली. केबलच्या टोकाला बसवायचे आरजे-45 कनेक्टर, ते दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड आणि केबल तपासायचा टेस्टर आणला. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा आठ तारांच्या रंगांचा क्रम पाठ केला. शहरातल्याच एका दुकानातून 305 मीटरची कॅट 6 ची, म्हणजे नेटवर्कच्या त्या दर्जाच्या केबलची पेटी घेतली. दोनदा विचारलं, पूर्ण तांब्याची आहे ना? "तांब्याचीच हाय ताई, बघा की." सोललेली तार लालसर दिसली. "जीएसटी कशाला भरताय?" म्हणून त्यानं चिठ्ठीवर फक्त 'केबल पेटी 1' लिहून दिलं. मीही घेतलं.

टेस्टरचे आठही दिवे लागले. महिनाभरात मात्र वरच्या खोलीतला वेग 1000 एमबीपीएसवरून (म्हणजे गिगाबिटवरून) 100 वर आला. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तार तुटली तरी जोडणी 100 वर उतरू शकते. केबलमधूनच वीज घेणारा गच्चीवरचा कॅमेरा रात्री त्याचे दिवे लागले की बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. पाऊस लागला होता, म्हणून आधी ओलीला दोष दिला. मग स्वतःच्या हाताला. किती कनेक्टर कापून पुन्हा बसवले! माझंच काम कच्चं आहे असं मनात घेऊन मी पंधरा दिवस घालवले, आणि याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

एकदा सोलताना तार कटकन तुटली. ब्लेडनं खरवडली तर आत पांढरं ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा नुसता पातळ थर. याला सीसीए म्हणतात. वाकवली की ही तार लवकर तुटते आणि तिचा विजेला रोधही जास्त, म्हणून कॅमेऱ्याला वीज कमी पडायची. 30 मीटरच्या केबलच्या एका टोकाला दोन तारा पिळून दुसरीकडून मल्टिमीटर लावला. तांब्याची असती तर रोध जास्तीत जास्त साडेपाच ओहमच्या आसपास दिसायला हवा होता, आठच्या पुढे दाखवलं. टेस्टर फक्त तार सलग आहे का ते सांगतो, धातू सांगत नाही. कॅट 6 च्या मानकात तांब्याचीच तार धरलेली आहे, त्यामुळे पेटीवर नुसतं 'कॅट 6' वाचून विश्वास ठेवू नका.

दुकानदार म्हणाला, "तांबं हायच की त्यात." चिठ्ठीवर धातूचा उल्लेखच नव्हता. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, पण हातात पक्कं बिल असेल तर तक्रारीला जोर येतो.

पैसे देण्याआधी वीतभर तुकडा कापायला लावा आणि टोक तिथेच खरवडून बघा. आतपर्यंत लाल दिसलं पाहिजे. पेटी उचलूनही बघा, तांब्याची चांगली जड लागते.

जुनी केबल पाइपातून काढताना तिच्याच टोकाला नवी बांधून ओढून घेतली. ही दुसऱ्या दुकानातली. बिलावर 'कॅट 6, शुद्ध तांबं' लिहून मागितलं, त्यांनी लगेच लिहून दिलं.